पद्मिनीचा व्हील सिलिंडर: नवे लायनर, दोन नवी किटं, तरी गळतोच

पद्मिनी_८६
गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, चारही चाकांना ड्रम. गणपतीआधी चारही चाकांचे लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारे पट्टे) बदलले. तीन आठवड्यांत मागच्या डाव्या टायरला आतल्या बाजूने ओल दिसली आणि ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी बोटभर उतरली. मेकॅनिकने व्हील सिलिंडरचं (चाकातला, ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारा छोटा सिलिंडर) किट, म्हणजे आतली रबरं, टाकलं. दहा दिवस कोरडं, मग पुन्हा ओल. दुसरं किट वेगळ्या कंपनीचं टाकलं, ते आठ दिवस टिकलं.

लायनर बदलण्याआधी या चाकातून एक थेंब येत नव्हता, हे मुद्दाम सांगतोय. गाडी आठवड्यातून एकदा चालते. नवा सिलिंडर घ्यावा, आहे त्याला स्लीव्ह (आत बसवायची धातूची नवी नळी) मारावी, की दोष भलतीकडेच आहे?

खोडसाळ_खार
तिसरं किट टाका, तिसऱ्या कंपनीचं. तोवर हॉर्न आहेच की.

पाना_तेरा
डबा उतरलाय म्हणजे बहुतेक ब्रेक ऑइलच, पण मागच्या चाकाला खात्री करून घ्यावी. अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलं की गिअर ऑइलही त्याच जागी येतं आणि लोक सिलिंडरवर पैसे घालत बसतात. ओल कापसाने टिपा, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात पिळा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. वासानेही कळतं, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो.

ते झालं की सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट स्क्रू-ड्रायव्हरने जरासं उचला. आत नुसता दमटपणा असेल तर चालतं. थेंब ओघळला तर कप (ऑइल अडवणारं आतलं रबर) पास होतोय, म्हणजे ऑइल सोडतोय.

सिंगल_सर्किट
आधी गाडी उभी करा, मग चर्चा. मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) एका सर्किटचा असेल तर चारही चाकांचं ऑइल एकाच वाटेने जातं. एका चाकाचा कप उलटला की पेडल थेट जमिनीला, चारही ब्रेक गेले. पुढचे दोन धरतील, मागचे सोडतील असा हिशेब तिथे नसतो. "थोडंसंच गळतंय, घाट उतरून बघू" हे वाक्य इथे पूर्वी वाचलंय, म्हणून लिहितोय.

बोअर_झालो
धागाकर्त्याने उत्तर स्वतःच दिलंय: लायनर बदलण्याआधी थेंब नव्हता.

व्हील सिलिंडर म्हणजे बिडाची नळी. मध्ये स्प्रिंग, तिच्या दोन्ही बाजूंना रबराचे कप (गॅरेजात बकेट म्हणतात), त्यामागे पिस्टन आणि टोकाला धुळीचं बूट. लायनर झिजत जातो तसा शू (लायनर ज्यावर बसतो तो कमानदार भाग) बाहेर सरकतो, त्याच्यामागे पिस्टन आणि कपही बाहेर सरकतात. जुन्या लायनरवर शेवटची काही वर्षं दोन्ही कप नळीच्या तोंडाजवळच मागेपुढे होत असतात. तेवढी जागा घासून आरशासारखी राहते. मधल्या भागात मात्र जुनं ऑइल साचून असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ती ओल उभ्या गाडीच्या सिलिंडरचा तळ खाते. तळाला मोहरीएवढे खड्डे पडतात, त्यांच्यावर काळा चिखल बसतो.

आता जाड लायनर घातले. शू आत आले, पिस्टन आत ढकलले गेले आणि कप नेमके त्या खड्ड्यांवर जाऊन बसले. कपाच्या ओठाची कड एखाद्या नखाइतकी पातळ असते. खड्ड्यावर तिला टेकायला जागाच मिळत नाही, तिथून ऑइल पाझरतं. शिवाय गंजाची कड दर ब्रेकला तिला ओरखडत राहते. नवं किट आठ-दहा दिवस टिकतं ते एवढ्याचसाठी. किटं दोन्ही चांगली असतील. बोअर (नळीचं आतलं भोक) कोणी पाहिलाच नाही.

खोडसाळ_खार
दंडवत. म्हणजे नवीन लायनर टाकल्याची शिक्षा. (आयडी सार्थ केलात, पण बोअर नाही झालो.)

पद्मिनी_८६
ग्लासातली परीक्षा केली. विरघळलं, ब्रेक ऑइलच आहे. @बोअर_झालो, हे पटतंय. या वेळी सिलिंडर मी स्वतः खोलणार आहे. क्रम सांगाल का? आणि खड्डा "मोठा" म्हणजे किती?

पाना_तेरा
क्रम सांगतो.

सपाट जागा, पुढच्या चाकांना आडवे ठोकळे, मागे जॅक आणि खाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड). नुसत्या जॅकवर काम नको. हँडब्रेक सोडा, अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा, मग ड्रम काढा. आतली धूळ फुंकू नका आणि एअर मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

शू काढण्याआधी स्प्रिंगांचा फोटो घ्या. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे संध्याकाळी आठवत नाही. शू निघाले की पेडलला कोणी हात लावायचा नाही, नाहीतर दोन्ही पिस्टन बाहेर उडतात.

आता निपल. सिलिंडर गाडीवर घट्ट बसलेला असतानाच हवा काढायचं निपल सैल करून बघा, नंतर हातात धरून सुटत नाही. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. निपलच्या भोकात बरोबर बसेल अशी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घाला, म्हणजे निपल पिचकत नाही. मग सहा कोनी सॉकेट लावा, बारा कोनी नको. मागेपुढे हलवत सोडवा. एकाच दमात जोर लावला की निपल तुटलं आणि सिलिंडरही गेला.

पाइपच्या नटाला साधा पाना लावाल तर नट गोल होईल. फ्लेअर नटाचा पाना वापरा. नटाबरोबर पाइपही फिरायला लागला तर लगेच थांबा, नाहीतर पाइप पिळवटून फुटतो. पाइप सुटला की त्याच्या तोंडावर रबरी टोपी चढवा.

रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर पुसत बसू नका. भरपूर पाणी ओता.

चिंधी_आणि_स्पिरिट
वरच्याला पुरवणी. खोललेले भाग पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने धुऊ नका. गॅरेजातली सर्वात जुनी वाईट सवय आहे ही. ब्रेकचं रबर खनिज तेलाला लागलं की फुगतं. कप मऊ पडतो, वाढतो, पिस्टन अडकतो आणि चाक धरून राहतं. धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर ताजं ब्रेक ऑइल. जोडणी करताना बोटालाही साधं ग्रीस नको. बुटाच्या आत लाल रबर ग्रीस चालतं, ते खास यासाठीच असतं.

जुना कप नव्याशेजारी ठेवून बघा. जुना फुगून मोठा आणि लिबलिबीत झाला असेल तर पूर्ण सिस्टीममध्ये कोणीतरी चुकीचं तेल घातलंय. मग फक्त मागचं डावं चाक करून भागणार नाही. मास्टरपासून होजपर्यंत सगळं रबर बदलावं लागेल.

बोअर_झालो
@पद्मिनी_८६, खड्डा मोठा की छोटा हे महत्त्वाचं नाही, तो *कुठे* आहे ते बघा. दोन कपांच्या मधल्या जागेत, जिथे कप कधीच पोचत नाही, तिथला खड्डा निरुपद्रवी. कपाच्या वाटेतला खड्डा नखाला लागला की सिलिंडर बाद. पॉलिश पेपरने नुसता डाग गेला आणि नख गुळगुळीत फिरलं तर तो डागच होता.

एक सोपी युक्ती. खोलण्याआधी, शू जागेवर असताना, पिस्टन सिलिंडरच्या तोंडापासून किती बाहेर आहे ते व्हर्निअरने मोजून ठेवा. खोलल्यावर पिस्टनची लांबी मोजली की कप नक्की किती आत बसत होता ते कळतं. जुन्या झिजलेल्या शूंवरही हेच मोजा. दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे कप सरकलेली जागा. शू खालच्या टोकावर फिरतो, त्यामुळे सिलिंडरकडचं टोक लायनरच्या जाडीतल्या फरकापेक्षा जास्त सरकतं. नुसती जाडी मोजून हिशेब चुकेल.

होन_नको_बाबा
आता कोणीतरी होन (ड्रिलला लावून बोअर घासायचे दगड) मारायला सांगेल, त्याआधीच विरोध नोंदवतो. होनने खड्डा जात नाही, फक्त भोक मोठं होतं.

पाना_तेरा
@होन_नको_बाबा, अर्धं सहमत. होन खड्डा काढायला नसतोच. बोअरवरची चकाकी, चिकट थर आणि हलका गंज काढायला असतो. तीन दगडांचा छोटा होन, ३२० च्या आसपासची ग्रिट, ब्रेक ऑइल लावून, ड्रिल हळू, दहा-पंधरा सेकंद आत-बाहेर. मशीन फिरत असताना बाहेर ओढू नका, दगड तोंडावर आपटून तुटतात. पुसून बघा. एवढ्यात साफ झाला नाही तर हट्ट सोडा.

नंतर कोरडा पिस्टन बोअरमध्ये घाला आणि शेजारून ०.१५ मिमीची अरुंद फिलर पट्टी सरकवून बघा. सहज आत गेली तर बोअर वाढलाय. जास्त फट असली की दाबाखाली कपाची टाच त्या फटीत पिळली जाते आणि कुरतडल्यासारखी होते. जुन्या कपाच्या मागच्या कडेवर असे कुरतडलेले तुकडे दिसले तर तो होनचाच प्रताप.

होन_नको_बाबा
मग आपलं भांडण मिटलं. कंटाळवाणं आहे हे.

लेथ_आणि_चहा
स्लीव्हबद्दल. जुना सिलिंडर बिडाचा अस्सल असेल तर स्लीव्ह मारणं बरं. बाजारातल्या स्वस्त नव्या सिलिंडरमध्ये निपलचे आटे ढिले, बोअर खरखरीत, असंही निघतं. नवा घेतलात तरी बसवण्याआधी खोला आणि धुवा. आत लेथची बुरी (कापताना राहिलेली धातूची धारदार कड) किंवा साठवणीचं तेल असू शकतं.

टर्नरला तीन गोष्टी आधी सांगा. स्लीव्ह पितळेची की स्टेनलेसची ते ठरवा. पितळ मशीन करायला सोपं, फिनिश छान येतं. स्टेनलेस टिकाऊ, पण शेवटचा हात मारायला वेळ लागतो. दुसरं, स्लीव्ह दाबून बसवल्यावर ऑइल आत येण्याचं आणि निपलचं अशी दोन्ही भोकं पुन्हा पाडावी लागतात. त्यांच्या आतल्या कडा मोडल्या नाहीत तर कप पहिल्याच वेळी चिरतो. भोकातून टॉर्च मारून, इअरबडचा कापूस आतून फिरवा. धागा अडकला तर बुरी आहे. तिसरं, शेवटचं माप *तुमच्या कपावरून* द्या. "फियाटचा सिलिंडर" एवढं सांगून भागत नाही. मापं इंचातली असतात: पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी, सात अष्टमांश म्हणजे २२.२ मिमी, एक इंची म्हणजे २५.४ मिमी. कपावर माप बहुधा कोरलेलं असतं.

रेतीबंदर
एवढा खटाटोप कशाला? सिलिकॉनचं डॉट ५ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) भरा. पाणी शोषत नाही, रंग खात नाही. उभ्या गाडीला सर्वोत्तम.

चिंधी_आणि_स्पिरिट
@रेतीबंदर, भरा, पण अर्धवट नको. सिलिकॉन आणि डॉट ३/४ एकमेकांत मिसळत नाहीत. जुनं आत राहिलं तर ते पाण्यासह तळाला वेगळं साचतं आणि पुन्हा त्याच जागी गंज. सगळं रबर नवं आणि पाइप आतून कोरडे, असं असेल तरच. शिवाय ओतताना त्यात बारीक बुडबुडे राहतात, पेडल स्पंजासारखं लागतं. हायड्रॉलिक ब्रेक लाइट स्विच असलेल्या गाड्यांत तो स्विच सिलिकॉनने लवकर बिघडतो अशी तक्रार नेहमीची. आणि खड्डे पडलेल्या बोअरला सिलिकॉन काहीही मदत करत नाही. ते तर जास्तच पाझरतं.

कोकणात, मुंबईत साधं डॉट ३ किंवा ४ घ्या आणि पावसाळा संपला की दरवर्षी बदला. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं असेल तर मर्यादा १५५ ची. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. उघडून वर्षभर फळीवर ठेवलेली अर्धी बाटली वापरू नका.

रेतीबंदर
डॉट ५.१ पण सिलिकॉनच ना?

चिंधी_आणि_स्पिरिट
नाही. ५.१ हे ३ आणि ४ च्या घराण्यातलं, ग्लायकॉलचं. नाव ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

कुर्ला_पश्चिम
अवांतर: पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, आणि मुंबईत तिची शेवटची नोंदणीकृत काळीपिवळी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर हे सिलिंडर आणि किट कुठल्याही गल्लीत मिळायची. आता ऑपेरा हाउसचा पार्ट बाजार किंवा पुण्याचं नाना पेठ धुंडाळावं लागतं. जुना साठा मिळाला तर कप नखाने दाबून वाकवून बघा. खोक्यातला रबरही म्हातारा होतो. कडेला बारीक चिरा दिसल्या तर परत द्या.

खोडसाळ_खार
खोकं उघडायच्या आधी पैसे द्या म्हणतात तिथे, तो कप परत कसा देणार?

सिंगल_सर्किट
मुद्द्यावर येऊ. एक गोष्ट कोणी विचारली नाही. मास्टर सिलिंडरचं किट कधी टाकलंय? ड्रम ब्रेकच्या मास्टरमध्ये बाहेर पडण्याच्या टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये जेमतेम अर्धा ते एक बार दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या कपांचे ओठ बोअरला टेकून राहतात. किट टाकताना "हा कशाला" म्हणून तो बाहेर फेकलेला मी अनेक गाड्यांत ऐकलाय. तो नसेल तर गाडी उभी असताना कप ढिले राहून ऑइल पाझरतं, हवाही आत जाते. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीत हे जास्त दिसतं.

उलट बाजूही बघा. पेडल आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये साधारण अर्धा ते एक मिमी मोकळीक हवी. ती नसेल तर पिस्टन परत मागे येत नाही, डब्याकडे जाणारं बारीक छिद्र बंद राहतं, आणि गाडी तापली की चाकं आपोआप धरतात.

बोअर_झालो
@सिंगल_सर्किट, मुद्दा बरोबर, पण इथे एकच चाक गळतंय. व्हॉल्व्ह नसता तर चारही चाकं थोडीथोडी ओली झाली असती. बघा जरूर, पण दुसऱ्या क्रमांकावर.

पद्मिनी_८६
खोललं. मोजलं.

डाव्या सिलिंडरच्या तळाला एका बाजूने पाच खड्डे, तोंडापासून १८ ते २३ मिमी आत. नवीन लायनरवर कपाचा ओठ २१ मिमीवर येतो, जुन्या शूंवर १४ च्या जवळ येत होता. १४ च्या आसपासची जागा चकचकीत. @बोअर_झालो, तुमचं म्हणणं पट्टीने मोजून खरं निघालं. कप फुगलेले नाहीत, मागची कडही कुरतडलेली नाही. मास्टरमधला व्हॉल्व्ह जागेवर आहे.

उजवाही खोलला. तोच गंज, खड्डे दोन, पण २५ मिमीच्या पुढे. म्हणून तो कोरडा राहिला असावा. दोन्हीला पितळेची स्लीव्ह मारायला देतोय. आता दोन प्रश्न. डाव्या बाजूचे नवे लायनर ऑइलने भिजलेत. ते पेटवून किंवा पेट्रोलने धुऊन चालतील का? आणि जोडताना काय सांभाळू?

चिंधी_आणि_स्पिरिट
भिजलेला लायनर बाद. आत मुरलेलं ऑइल गरम झालं की पुन्हा वर येतं, आणि ते चाक कधी धरेल, कधी सोडेल, काही भरवसा नाही. आणि बदलायचा तर *दोन्ही* मागच्या चाकांचा, एका बाजूचा नव्हे. गाडी एका अंगाला ओढेल.

पाना_तेरा
जोडणी. ब्रेक ऑइलने बोअर ओला करा. कप ज्याच्या त्याच्या तोंडातून घाला. एकाच बाजूने दोन्ही ढकलले तर एक कप ऑइलच्या भोकावरून जातो आणि चिरतो. ओठ आतल्या बाजूला, ऑइलकडे. बोटाने घाला, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. शू बसेपर्यंत पिस्टनवर जाड रबरबँड गुंडाळा.

हवा काढण्याआधी शू अ‍ॅडजस्ट करून ड्रमला टेकवा, म्हणजे पिस्टनचा फुकट प्रवास राहत नाही. सुरुवात मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकाने. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. पेडल सावकाश दाबा, दाबून धरा, निपल बंद करा, मगच सोडा. भराभर पंपिंग केलं की हवेचा फेस होतो आणि तासभर निघत नाही. डबा रिकामा होऊ देऊ नका. जुनं ऑइल पूर्ण बदलायचं तर अर्धा लिटरची बाटली जवळ ठेवा. बाटलीत जमा झालेलं परत डब्यात ओतू नका.

शेवटी अ‍ॅडजस्टर मागे घेऊन चाक हाताने मोकळं फिरेल असं करा, हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.

सिंगल_सर्किट
आणि ड्रम बसल्यावर दोन मिनिटं पेडल पूर्ण जोराने दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर गाडी हलवू नका. नाही गेलं तर बुटाखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर गाडी उभी करा आणि सकाळी बघा.

पद्मिनी_८६
स्लीव्ह मारून आल्या, एका भोकात बुरी होती, इअरबडला धागा अडकला म्हणून कळली (@लेथ_आणि_चहा, आभार). टर्नरकडून पुन्हा करून घेतली. नवे लायनर, नवी किटं, डॉट ४. पेडल दोन मिनिटं दाबून धरलं, हललं नाही. टिश्यू सकाळी कोरडा. आता पंधरा दिवस झाले, डब्यातली खूण जागेवर. आज मात्र टायरला आतून पुन्हा ओल दिसली आणि पोटात गोळा आला.

पाना_तेरा
ग्लासात टाकलीत?

पद्मिनी_८६
टाकली. पाण्यात मिसळली.

खोडसाळ_खार
काल रात्री पाऊस झाला होता का तुमच्याकडे?

पद्मिनी_८६
...हो.